दुसरी गोळी

पोहे येण्याआधी मुलानं आणि मुलीनं सगळ्यांसमोर एकेक गोळी घ्यायची, ही आता बघण्याच्या कार्यक्रमाची रीतच झाली होती. मग चार तास कुणी कुणावर भाळत नसे, निर्णय थंड डोक्यानं होई. गोळ्यांची डबी मुलीच्या यमूआत्याकडे होती.

तरीही निनादनं पोह्यांवर चहा सांडला आणि शाल्मली खुदकन हसली. मग तोही हसला. दोघांचे कान लाल.

"गिळलीस ना रे?" निनादच्या वडिलांनी विचारलं.

"गिळली, बाबा."

आत्याला कारण ठाऊक होतं. गोळी मेंदूतल्या कुलपांत खोटी किल्ली होऊन बसते. स्वतः फिरत नाही आणि भाळण्याच्या खऱ्या किल्लीला शिरू देत नाही. पण खऱ्या किल्ल्यांची झुंबड उडाली, तर खोटी बाहेर ढकलली जाते. शाल्मलीची बावीस स्थळं झाली, पण आत्यानं हे आजच पाहिलं.

"आणखी एकेक द्या," वडील म्हणाले. "दुसरीपुढे कुणाचं काही चालत नाही."

शाल्मलीनं काकुळतीनं आत्याकडे पाहिलं.

आत्यानंही लग्नाआधी गोळी घेतली होती, पत्रिका बघून होकार दिला होता. चार तासांनी अंमल उतरला, तेव्हा कळलं की गोळीला अडवायला तिथे काही नव्हतंच. संसार मात्र तीस वर्षं नीट चालला.

"डबी संपली हो," आत्या म्हणाली आणि पर्स काखेत दाबली. आत गोळ्या खुळखुळल्या.

शेजारी बसलेल्या निनादच्या आईनं ते ऐकलं.

"अहो, चहा घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. "निवतोय."