परीक्षेचा पेशंट

दाताच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला पेशंट ज्याचा त्यानं आणायचा असतो. उजैरनं कन्नडहून शेजारच्या मनकर्णाबाईंना पहाटेच्या एसटीनं आणलं होतं. वरची एक किडकी दाढ, सोपं काम. पण रात्रीतून गाल टम्म सुजला आणि बाईंनी तो पदराआड लपवून थेट संभाजीनगरपर्यंत आणला. खुर्चीत बसल्यावर पदर सुटला, तेव्हा कुठे उजैरला ते दिसलं. आता ऐनवेळी दुसरा पेशंट कुठून आणणार?

त्यानं भुलेचं इंजेक्शन दिलं. थांबला. हिरडीला हळूच टोचून पाहिलं, तर बाईंचे पाय आखडले. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा तेच. तेवढ्यात बाहेरून आलेले परीक्षक शेजारी येऊन उभे राहिले.

"पू झालेल्या जागी भूल का लागत नाही?"

हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.

"सर, तिथं आम्लता वाढलेली असते. भुलेचं औषध अमाइन आहे. आम्लात त्याच्यावर विद्युतभार चढतो, मग ते नसेच्या आवरणातून आत जात नाही. ज्या प्रथिनातून सोडियम ये-जा करतं, त्याला ते आतून चिकटायला हवं. चिकटलंच नाही, तर कळ मेंदूपर्यंत जातच राहते."

"छान. काढा दाढ," परीक्षक म्हणाले.

उजैरनं फोर्सेप्स उचलला. नापास झालं तर सहा महिने वाया, आणि अब्बांना काय तोंड दाखवायचं?

"मावशी, दुखतं का?"

"नाय रे बाळा. काढ तू."

फोर्सेप्स दाढेला लागला मात्र, बाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. आत्ताच एवढं धडाधडा उत्तर दिलं होतं त्यानं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं फोर्सेप्स ट्रेमध्ये ठेवला. "सर, भूल लागलेली नाही. आधी गोळ्यांनी सूज उतरवावी लागेल. आज दाढ काढता येणार नाही."

"पेशंट तर नाही दुखत म्हणतेय."

"खोटं सांगतायत, सर."

परीक्षक पुढच्या खुर्चीकडे गेले.

मनकर्णाबाईंनी त्याचा कोट धरून त्याला खाली ओढलं. भयंकर चिडल्या होत्या.

"माझी चार बाळंतपनं झाली, दुखतं का म्हनून कुनी इचारलं नाय. आन् तुला आजच इचारायचं व्हतं?"