दहा मिनिटांची कुंदा

दर पाडव्याला टिळेकर कपाटातल्या स्टोरेजच्या पेटीवरची धूळ पुसत आणि कुंदाला दहा मिनिटांसाठी जागं करत. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिच्या मनाचा बॅकअप त्या पेटीत होता, आणि तो शाबूत आहे का हे वर्षातून एकदाच तपासायची परवानगी होती. बँकेच्या सर्व्हर रूममध्ये तीस वर्षं काढलेल्या टिळेकरांना हा नियम पटायचा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपला ते बॅकअप म्हणतच नसत.

“अहो, चहा झाला का?” स्पीकरमधून कुंदाने विचारलं. दर वर्षी तिचं पहिलं वाक्य हेच असे.

“झाला. आता सांग, लग्नानंतर आपण बाहेर पहिल्यांदा कुठे जेवलो?”

प्रश्नही ठरलेला होता. तो वहीत लिहिलेला होता. उत्तर लिहून ठेवायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती.

“बार्शीच्या स्टँडवर. एसटी चुकली होती. तुम्ही माझ्या नव्या साडीवर आमटी सांडलीत, आणि वर मलाच म्हणालात, नीट बस.”

पडद्यावर विचारणा आली: उत्तर बरोबर आहे का?

टिळेकरांचं बोट हवेतच राहिलं. बार्शी, एसटी, आमटी. त्यांना यातलं काहीच आठवेना.

“बरोबर ना हो?” कुंदाने विचारलं.

त्यांनी ‘होय’ दाबलं आणि खुर्ची पेटीजवळ ओढली.

“साडी कुठल्या रंगाची होती गं?” ते म्हणाले. “सगळं पहिल्यापासून सांग. अजून सात मिनिटं आहेत.”