सरकारी बूट

“हवालदार, थंडीनं पायाची बोटं गेली म्हणता. मग पायात बूट नव्हते का?” सैनिक कल्याण कार्यालयातल्या वैदेहीनं पुन्हा विचारलं. निकमांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. लष्करी दवाखान्यातले त्यांचे कागद गहाळ झाले होते. अपंगत्वाची पेन्शन मिळवायची तर सोबतच्या जवानाची साक्ष हवी होती, पण साथीदाराचं नाव सांगायलाही ते तयार नव्हते.

शेवटी निकमकाकूंनीच परस्पर फोन करून त्यांचा चौकीवरचा जोडीदार गडहिंग्लजहून बोलावून घेतला.

म्हाताऱ्यानं आल्या आल्या चपला काढून दोन्ही पाय वैदेहीपुढे केले. सगळी बोटं शाबूत होती.

“तंबूवर हिमकडा कोसळला, त्यात माझे बूट गाडले गेले, ताई. यानं स्वतःचे काढून माझ्या पायात घातले आणि खालच्या तळापर्यंत नुसत्या मोज्यांवर चालत आला.”

वैदेही उभी राहिली. निकमांच्या त्या बोटं नसलेल्या पायांपुढे तिला खुर्चीत बसवेना.

निकम मात्र टेबलावर वाकले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, ते बुटांचं तेवढं लिहू नका. सरकारी सामान दुसऱ्याला द्यायची परवानगी नव्हती.”