धोंडेजेवण चालू असताना

पडद्यावरचा बाण आपोआप हिंडत होता आणि हिमांशूराव पुरणाचा धोंडा तुपात बुडवून खात होते.

सकाळपासून मधुसूदनरावांचा कम्प्युटर लालभडक होऊन बोंबलत होता: व्हायरस शिरला आहे, बंद करू नका, खालच्या नंबरवर फोन करा. जावई पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत. तिथं ते नोकरभरती बघत. पण पडेगावच्या सासुरवाडीत एवढा बारकावा कोण पाळतो? "जावईबापू आहेत की घरात," असं भानुमतीबाई म्हणाल्या आणि जावईबापूंना नाही म्हणणं जमलं नाही. त्यांनी तो नंबर फिरवला, पलीकडच्यानं सांगितलं ते ॲप टाकलं आणि कम्प्युटर त्याच्या हवाली केला. त्यामुळं आता त्यांचे दोन्ही हात जेवायला मोकळे होते.

अधिक महिना होता. धोंड्याचा महिना. लेकीला आणि जावयाला बोलवायचं, जावयाला पाटावर बसवायचं, धोंडे वाढायचे. त्या दिवशी तो नारायण. आणि नारायणाला कुणी उलट बोलत नाही.

"बाबा, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल. सांगा."

मधुसूदनरावांनी सांगितला. नारायणानं मागितला होता. पाठोपाठ दुसरा मेसेज आला, तो मात्र त्यांनी मनातच वाचला. खात्यातून पैसे गेले होते. सगळे नव्हे. उरले होते ते भानुमतीबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे. ते सोमवारी दवाखान्यात भरायचे होते.

"सर, एक और नंबर आएगा," हिमांशूरावांच्या मोबाइलच्या स्पीकरवरचा आवाज म्हणाला, "जल्दी बताइए, नहीं तो व्हायरस बँक में घुस जाएगा."

मधुसूदनरावांनी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. "हिमांशूराव... हा माणूस जरा मला..."

"अहो, जेवताना टोकू नका त्यांना," भानुमतीबाईंनी डोळे वटारले. "तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

मधुसूदनरावांचा मोबाइल थरथरला. तुपानं माखलेला हात पुढं झाला. "आला का बाबा?"

"चष्मा आणतो," म्हणून मधुसूदनराव उठले. चष्मा नाकावरच होता. बोळीत जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला, पडदा काळा झाला.

"घ्या, गेली लाईट!" लेक चारुता म्हणाली आणि नवऱ्याला पेपरानं वारा घालू लागली.

"नेमकं काम होत आलं होतं," हिमांशूराव हळहळले.

"कोई बात नहीं सर," फोनवरचा माणूस म्हणाला, "मैं रुकता हूँ."

"बघा! थांबतो म्हणतोय. याला म्हणतात सर्व्हिस."

"मी बघतो कुठं गेली लाईट ते," असं म्हणत मधुसूदनराव जिना चढून गच्चीवर गेले, चप्पल न घालता. ऊन असं, की पाऊल टेकलं की दुसरं उचलावं लागे. नाचत नाचतच त्यांनी सायबर तक्रारीचा एकोणीस-तीस नंबर लावला. तिकडं गाणं वाजायला लागलं. सगळ्या लाइनी व्यस्त होत्या. टाकीची सावली वीतभर. तिच्यात त्यांनी एकेक पाय ठेवून पाहिला.

"मधूभाई!" शेजारच्या गच्चीवरून मुख्तारभाईंनी हाक मारली. "मेन पडला काय तुमचा? आमच्याकडं तर हाय लाईट!"

मधुसूदनरावांनी कानाला मोबाइल धरूनच ओठांवर बोट ठेवलं, मग हात जोडायला गेले, तो मोबाइल पडता पडता राहिला. मुख्तारभाईंनी सलाम केला आणि आवाज आणखी चढवला. "मैं आऊं क्या देखने?"

खाली ते स्वच्छ ऐकू गेलं.

"मेनच पडला असेल," हिमांशूराव म्हणाले. "थांबा, मी बघतो."

"बसा!" भानुमतीबाई कडाडल्या. "धोंड्याच्या ताटावरनं जावयानं उठायचं नसतं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा आवाज इतका गोड मधुसूदनरावांना कधी लागला नव्हता.

गाणं थांबलं. एक बाई बोलू लागली. नाव, बँक, काय झालं, कधी झालं. मधुसूदनराव एका दमात सगळं ओकले.

"बरं केलंत, लगेच फोन केलात. बँकेला कळवतेय. तुम्हीही बँकेला फोन करून खातं बंद करायला सांगा. मेसेज पुसू नका. कम्प्युटरचं नेट तोडलंय ना?"

"बाई, सगळं घरच तोडलंय."

"आणि तो दुसरा ओटीपी?"

"नाही दिला."

"आता कुणालाच देऊ नका. घरातल्यांनाही नाही."

"गेलेले मिळतील का हो?"

"ते आत्ताच सांगता येत नाही. राहिलेले राहतील."

मधुसूदनराव टाकीला टेकले. टाकी तापलेली होती. ते त्यांना उशिरा कळलं.

"आता सांगा काका," बाई टाइप करत म्हणाली, "कम्प्युटर त्यांच्या ताब्यात कुणी दिला?"

त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. खिडकीतून पाट दिसत होता. नारायण एका हातानं घाम पुसत होता, दुसऱ्या हातातल्या मोबाइलला धीर देत होता, "बस, दो मिनट, भैया." त्याच्या ताटात भानुमतीबाई, गुडघ्यावर हात दाबून वाकत, आणखी एक धोंडा वाढत होत्या.

"मीच," मधुसूदनराव म्हणाले.

"अहो, ऐकलं का!" खालून हाक आली. "जावईबापू घामानं न्हाले की इकडं!"

फोनवरचं टाइप करणं थांबलं.

"लिहिते, काका. तुम्हीच," ती म्हणाली. "हा महिना लागल्यापासून जिकडंतिकडं सासरेच फसतायत."