रांगोळीचा नकाशा

कामठी रोडवरच्या वस्तीत विकासाचा आराखडा करायला संस्थेची दीप्तीताई आली आणि म्हणाली, "नकाशा तुम्हीच काढा. वस्ती तुमच्याइतकी कोणाला माहीत?" रांगोळीत हात तुळसाबाईचा. तिनं चौकात गल्ल्या, हापशी, एकेकाचं घर असं झोकात काढलं, की शेजारच्या गोपिकाच्या दारातली शेळीसुद्धा सुटली नाही. फक्त जिथं तिचं स्वतःचं घर यायचं, तिथं ती फतकल मारून बसली होती. ती उठली तशा सगळ्या बायका खदखदून हसल्या. "राहू द्या मावशी, नंतर टाकू," म्हणत दीप्तीताईनं फोटो काढला.

दोन महिन्यांनी महापालिकेचे साहेब छापील नकाशा घेऊन आले. समाजभवन मंजूर झालं होतं, तेही नेमकं त्या रिकाम्या जागेवर.

"तुमचं घर नकाशात नाही. म्हणजे मागाहून बांधलेलं, अतिक्रमण," साहेब म्हणाले.

"बावीस वर्षं झाली जी या घराले! ताई, सांगा नं त्याहिले."

दीप्तीताई मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागली.

"घर जुनं असेल, तर भवन शेजारच्या घरावर सरकवावं लागेल," साहेबांनी बायकांकडे पाहिलं. "वस्तीतलं कोणी सांगेल का?"

तुळसाबाईचा जीव भांड्यात पडला. गोपिकाची दोन्ही बाळंतपणं तिनंच तर केली होती. "सांग वं गोपिका."

गोपिकानं पदर सावरला.



"नकाशा तं तूनंच काढला नं, मावशे."