वंगणाचा डाग

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये कुणी कुठे बसायचं हे पाटी न लावताही ठरलेलं होतं. खिडकीशी गाडीवाले, भिंतीला टेकून पुस्तकी किडे, दाराजवळ नाटकवाली मंडळी. एक मुलगी मात्र यातल्या कुणातच मोडत नव्हती, म्हणून तिच्या कोटावरून तिला नाव पडलं, 'लिफ्टवाली'.

कोट खरंच लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा होता, तिच्या बाबांचा. बाह्या तिच्या बोटांवर यायच्या, खिशाशी पक्कड अडकवायची पट्टी होती आणि कोपरावर वंगणाचा काळा डाग.

"अगं लिफ्टवाली, आमच्या बिल्डिंगची लिफ्ट अडकलीये, येतेस का?" खिडकीकडून रोज कुणीतरी विचारायचं आणि अख्खं टेबल खिदळायचं. "निदान धुऊन तरी घाल," त्यांची म्होरकी नाक दाबून म्हणायची. लिफ्टवाली आपला चहा संपवायची. कोट तिने एकदाही धुतला नाही. धुतला असता तर वंगणाचा वास गेला असता.

पुढच्या सत्रात नेमकी असल्याच कोटांची फॅशन आली. खिडकीशी चार-पाच जणी तसलेच ढगळ कोट घालून बसू लागल्या, बाहीवरच्या छापील डागांसकट. एके दिवशी म्होरकी स्वतः उठून तिच्या टेबलाशी आली आणि तिची बाही चिमटीत धरून निरखू लागली.

"तुझा अगदी अस्सल वाटतो गं. आम्ही सगळी दुकानं पालथी घातली. कुठे मिळतो असा?"

तिने बाही सोडवून घेतली.


"वडील गेले की मिळतो."