बिनक्लचची गाडी

पाचगावच्या अलीकडे गाडी एकदा गुरगुरली आणि जागीच बसली. इंजिन चालू, चाकं मेलेली.

“दाब ना गा!” मागून मनोहरराव ओरडले.

“दाबूनच राहिलो, मालक. इंजिन पळून राहिलं, गाडी नाही पळून राहिली,” चंद्रभान ड्रायव्हर म्हणाला.

तीन वाजून दहा मिनिटं. नागपूर अजून सोळा मैल. पाचला रजिस्टर लग्नाचा साहेब खुर्चीवरून उठणार, आणि त्याच्या आत उत्तरा सही करून मोकळी होणार. एकुलती एक लेक, आणि नवरा कोण, तर छापखान्यात खिळे जुळवणारा, परजातीचा! दुपारी नागपूरहून मेहुण्याचा फोन आला नसता तर पत्ताही लागला नसता. उमरेडात नाक कापलं जाणार होतं. ज्यांना नाकाचा दुसरा काही उपयोग माहीत नसतो, त्यांना ते फार जपावं लागतं.

शेजारी पार्वतीबाई मांडीवर पितळी डबा धरून बसल्या होत्या. आई रडली की पोरगी वळते, म्हणून मनोहररावांनी बायकोला सोबत घेतलं होतं. पण बाई अजून रडायला लागल्या नव्हत्या. सकाळपासून चुलीवर दूध आटवत होत्या. डब्यात काय, असं निघताना विचारलं तर म्हणाल्या, “नवसाचे पेढे.” बरं, एवढी तरी अक्कल आहे, असं मनोहररावांना वाटलं होतं.

शेतातले चार जण धक्का द्यायला धावले. चंद्रभाननं हात जोडले. “धक्क्यानं नाही चालू होत हे. क्लचच नाही हिले. गिअर आपोआप पडते.”

“क्लच नाही? मंग डावा पाय काय पूजेले ठेवता गा?” त्यांतल्या एकानं विचारलं.

चौघं हसले. मनोहरराव खाली उतरले, सिगारेट पेटवली, दोन झुरक्यांत फेकली. अख्ख्या तालुक्यात अशी अमेरिकन गाडी एकच होती. लोकांनी पाहावी म्हणूनच घेतली होती. आता लोक पाहत होते.

“वाजले किती?” आतून पार्वतीबाईंनी विचारलं.

“साडेतीन! काहून, वाजवू काय आता?”

तेवढ्यात धूळ उडवत नागपूरची येष्टी आली.

“अवो, येष्टीनंच चला ना,” पार्वतीबाई म्हणाल्या. “साडेचारले पोचून जाऊ.”

“मालगुजाराच्या नातवानं दांड्याले लटकून जायचं? कोंबड्याइच्या पाट्यांत? लोक थुकतील माह्यावर!”

“मले वाटलंच होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

येष्टी निघून गेली. अर्ध्या रिकाम्या बाकांसकट.

निरोप धाडून बोलावलेला, कोळशाचे ट्रक दुरुस्त करणारा दादाजी मिस्त्री सायकलवर येईतो साडेचार झाले. त्यानं बॉनेट उघडलं, गाडीला प्रदक्षिणा घातली. तोवर पार्वतीबाईंनी आणखी एकदा वेळ विचारून घेतली. पोरीसाठी जीव तुटतोय बिचारीचा, मनोहरराव मनात म्हणाले, आणि रस्ताभर येरझारा घालू लागले.

“लाल तेल लागते याच्या गिअरले,” चंद्रभान मिस्त्रीला सांगत होता. “दर शनिवारी तेल मोजाची सळई काढून पाहतो मी. घरात सगळ्याइले सांगून ठेवलं, यात दुसरं काही पडलं तं गाडी दहा मैलांत बसते.”

दादाजीनं सळई ओढली. “लाल कुठी हाय? फेस हाय हा.” बोट फिरवलं, हुंगलं आणि तो खदखदा हसला. “मालक, हे तं जवसाचं तेल! गिअरले फोडणी देल्ली काय कोणं? दोन-तीन शेर तरी ओतलं.”

मनोहररावांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो उजेड सवयीचाच होता. गरीब माणूस समोर दिसला की पडायचा.

“चोट्या! लाल तेल विकून खाल्लं, आन् जवसाचं भरलं?”

“लेकराची आन, मालक! सकाळी माहं नरसाळंबी जागेवर नव्हतं, मी म्हणलं कोणं नेलं...”

“उद्यापासून दारात दिसू नको!” मनोहररावांनी हात उगारला.

तो हात वरच्यावर धरला गेला. पार्वतीबाईंनी धरला होता. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

“त्याले हात लावू नका.”

त्यांनी नवऱ्याचं मनगट स्वतःकडे वळवलं आणि घड्याळात नीट पाहिलं. पाच वाजून सात मिनिटं.

मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं. पहिला पेढा चंद्रभानच्या तळहातावर ठेवला, दुसरा दादाजीच्या. तिसरा मनोहररावांच्या तोंडापाशी धरला.

“घ्या, तोंड गोड करा.”

मनोहररावांच्या नाकाला खव्याआधी त्या बोटांचा वास आला. जवसाच्या तेलाचा.